अंबाळ्याच्या बाजूनं गड चढून पाहा एकदा

रामटेक पाहिलं नाही असा नागपूरकर शोधून सापडायचा नाही, पण त्याला विचारा की बाबा गडावर कसा गेला होतास, तर उत्तर ठरलेलं, गाडीनं. गाडी थेट वर जाते, पार्किंग आहे, उतरायचं, दर्शन घ्यायचं, माकडं बघून पोरं ओरडणार, आल्यासारखं खिंडसी तलावावर बोटिंग करायचं आणि कामठी रोडच्या ट्रॅफिकला शिव्या देत घरी. आमच्या घरची रामटेकची व्याख्या एवढीच. त्यात डिसेंबरात साडूभाऊ पुण्याहून आले, ट्रेकर माणूस, दर रविवारी सिंहगड, आणि आल्या आल्या सुरू, तुमच्याकडे राव ऊन आणि संत्री सोडून आहे काय? मी म्हटलं चला, दाखवतो. बायका-पोरांना गाडीनं वर पाठवलं आणि आम्ही दोघं अंबाळ्याला उतरलो.

अंबाळा म्हणजे गडाच्या पायथ्याचा तलाव. टेकड्यांच्या कुशीत आहे, काठाला दगडी घाट आणि घाटाला लागून देवळंच देवळं, बरीचशी भोसल्यांच्या काळातली. काहींवर चुना नाही, काहींवर इतका ऑइलपेंट आहे की मूळ दगड कुठला ते कळत नाही. अंब नावाच्या राजाचा कोड इथल्या पाण्यानं गेला म्हणून अंबाळा, अशी कथा सांगतात. पण आपल्याकडच्या माणसाला अंबाळा आठवतो तो अस्थी घेऊन आल्यामुळे. आमचे आजोबा गेले तेव्हा आम्हीही इथेच आलो होतो, त्यामुळे घाटावर सकाळी सकाळी डोकी भादरलेली माणसं, पिंड, कावळ्याची वाट पाहणारं एक कुटुंब, हे सगळं मला ओळखीचं होतं, साडूभाऊ मात्र एकदम गप्प झाले. एका गुरुजींनी विचारलं, कोणाचं करायचं आहे? म्हटलं कोणाचं नाही जी, पायऱ्या चढायच्या आहेत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

पायऱ्या लगेच सुरू होतात. दगडी, रुंद, आणि मधोमध झिजलेल्या, म्हणजे पाय ठेवला की तो आपोआप त्या खोलगट जागेत बसतो, कडेला ठेवायला गेलं तर उलट अवघड वाटतं. एवढी झीज दहा-वीस वर्षांच्या गर्दीनं होत नाही. काही ठिकाणी पायऱ्या उखडल्यात, तिथे सिमेंट ओतलंय आणि ते सिमेंट दगडाच्या आधी फुटलंय, हे मला जाम आवडलं. दोन्ही बाजूंना झाडी, सागाची मोठाली पानं, पळस, आणि सीताफळाची झुडपं तर इतकी की सीझनमध्ये या वाटेवर माणसांपेक्षा वानरांचीच मजा असणार. डिसेंबरात फळ संपलेलं, झाडावर काळी पडलेली एखाद-दुसरी वाळकी फळं लटकत होती. थंडी चांगली होती, पण चढ लागल्यावर स्वेटर कमरेला बांधावंच लागलं.

मध्ये एक मावशी डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन उतरत होत्या, आम्हाला पाहून थांबल्या. "गाडी नाही आली का तुमची?" म्हटलं आहे ना, वर गेली. "मंग पायी काहून जाऊन राह्यले बाप्पा?" याला काय उत्तर देणार. साडूभाऊ म्हणाले, रस्ता बघायला. मावशींनी खाली रस्त्याकडे पाहिलं, वर पाहिलं, "बघा मंग" म्हणाल्या आणि गेल्या. सिंहगडावर अशा वेळी कोणीतरी ताक विकायला बसलेलं असतं, अशी माहिती मला मिळाली. इथे कोणी नव्हतं. अख्ख्या वाटेवर ती मावशी, आम्ही दोघं आणि काळ्या तोंडाची वानरं.

अर्ध्यावर थांबून मागे वळलं की तलाव दिसतो, आणि तो खालून दिसतो त्याच्यापेक्षा फार वेगळा दिसतो. खाली असताना घाटावरची घाण दिसते, निर्माल्य, प्लास्टिक, सगळं. वरून देवळांची शिखरं पाण्याभोवती कडं करून उभी दिसतात आणि मग कळतं की हे कोणीतरी विचार करून वसवलंय, यात्रेकरूनं आधी तलावात आंघोळ करायची आणि ओल्या अंगानं चढायला लागायचं, असा पूर्ण क्रम आहे. गाडीचा रस्ता हा क्रमच मोडून टाकतो. आपण देवळाच्या तोंडाशी उतरतो आणि मग म्हणतो, इथे बघण्यासारखं फार काही नाही.

वर आलं की तटाच्या आतला मुख्य गड लागायच्या आधी दोन नरसिंहाची देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. लोक यांना वळसा घालून पुढे जातात, कारण सगळ्यांना रामाकडे जायची घाई. देवळं लहान, जाड भिंतींची, बाहेरून साधी. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि मग समोर तो दिसतो. लाल दगडाचा, भला मोठा, एक गुडघा वर घेऊन आरामात बसलेला, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही, काही नाही. काम आटोपून बसलेला नरसिंह. कॅलेंडरवरचा नरसिंह पाहून वाढलेल्या माणसाला हा जरा वेळानं कळतो. साडूभाऊ चप्पल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

ही देवळं वाकाटक राजांची, म्हणजे पाचव्या शतकातली. महाराष्ट्रात आज उभी असलेली, दगडात बांधलेली सगळ्यात जुनी देवळं कुठली असं कोणी विचारलं तर बोट इथे दाखवायचं, आणि ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटली नाही. वाकाटक म्हटलं की अजिंठा, तो त्या घराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशिमचा. इकडच्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, आणि नंदिवर्धन म्हणजे इथून दिसतं ते नगरधन गाव. केवल नरसिंहाच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे, १९८०च्या दशकात उजेडात आला, बराच झिजलेला आहे, पण त्यावरून अभ्यासक असं सांगतात की हे देऊळ प्रभावतीगुप्ता राणीच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी बांधलं.

आता प्रभावतीगुप्ता कोण, तर गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोरगी, इकडे वाकाटक रुद्रसेन दुसरा याला दिलेली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तर बाईनं स्वतः राज्य चालवलं, तेही वर्षानुवर्षं. आणि ताम्रपटात ओळख सांगताना आधी माहेरची, गुप्तांची सगळी वंशावळ सांगितली, मग सासरची. माझ्या बायकोला वर भेटल्यावर हे सांगितलं तर तिला राणी एकदम पटली.

पण खरी मजा पुढे आहे. साडूभाऊंना म्हटलं, या राणीचा जो फार महत्त्वाचा ताम्रपट आहे त्याचं नाव माहितीये? पुणे ताम्रपट. ते थांबलेच. म्हणजे दिला गेला तो नंदिवर्धनहून, इथूनच, मुलगा युवराज दिवाकरसेन याच्या वतीनं कारभार करताना, कार्तिक शुद्ध द्वादशीला एका आचार्याला गाव दान दिलं त्याचा. पण शेकडो वर्षं फिरत फिरत तिकडे पोचला आणि नाव पुण्याचं लागलं. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, तो तर रामगिरीस्वामीच्या पायापासून, म्हणजे या टेकडीवरच्या देवाच्या पायाशी बसून दिलाय. "म्हणजे आमच्या नावावर तुमची राणी," साडूभाऊ म्हणाले. म्हटलं असू द्या, तुमच्या-आमच्यात काय एवढं.

२०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं नगरधनला उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर शंख आणि ब्राह्मीत नाव. म्हणजे ताम्रपटात जे गाव लिहिलंय तिथेच तिची मुद्रा मातीत निघाली. डेक्कन कॉलेजही पुण्याचंच, हे साडूभाऊंनी लगेच ऐकवलं, एक-एक बरोबरी.

पुढे दरवाजे लागतात. वराह दरवाज्यापाशी अखंड दगडातला वराह आहे, पूर्ण डुकराच्या रूपातला, चार पायांवर उभा, भक्कम. याच्या पायांतून पापी माणसाला जाता येत नाही असं म्हणतात, लहानपणी आम्ही सगळे त्याच्या खालून सरपटत जायचो आणि जाड काकांना मुद्दाम आग्रह करायचो. आता साडूभाऊंनी मला केला, मी विषय बदलला. मग सिंहपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे, तट, बुरूज, बंदुका रोखायच्या जंग्या. अठराव्या शतकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी इथला जीर्णोद्धार केला, त्यामुळे हा नुसता देवाचा डोंगर राहत नाही, बऱ्यापैकी लढाऊ किल्ला वाटतो. गोकुळ दरवाजाचं कोरीव काम मान वर करून बघण्यासारखं आहे, पण तिथेच प्रसादाच्या पिशव्यांवर वानरांचा डोळा असतो, तेव्हा मान वर आणि हात पिशवीवर.

आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, मग रामाचं. लक्ष्मणाच्या देवळात यादवांच्या काळातला, रामचंद्र यादवाचा शिलालेख आहे. त्यात या डोंगराचं माहात्म्य आणि इथली तीर्थं दिलीत, अंबतीर्थ सुद्धा आहे, म्हणजे आपण जिथून चढलो तेच. सिंदूरगिरी हे नावही त्यातलं. इथला दगड फोडला की आतून लाल निघतो, वाटेतल्या फुटक्या पायऱ्यांच्या कडा पाहिल्या तरी दिसतं. आणि धूम्रेश्वर, शंबूकाच्या कथेशी जोडलेला, तप करतो म्हणून रामानं मारलेला तो शूद्र शंबूक. ती कथा रामाच्या गावातच भेटते आणि लोक ती पटकन सांगून पुढे सरकतात, मला तिथे नेहमी अडखळायला होतं. म्हणजे एकाच डोंगरावर वाकाटक, यादव, भोसले, भोगरामाच्या देवळाशी महानुभाव पंथीय आणि खाली गावात शांतिनाथाचं मोठं जैन मंदिर. कोणी कोणाला पूर्ण पुसून टाकलं नाही, हे विशेष आहे.

मागच्या तटावर जाऊन उभं राहिलात तर खाली सगळा मुलूख दिसतो. धानाचे कापलेले बांध, मध्ये मध्ये पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले, तळी, खिंडसीचं पाणी चकाकतंय, लांब नगरधनकडचा सपाट भाग, आणि मनसरच्या बाजूला मॅंगनीजच्या खाणींचे ढिगारे. आमच्याकडे सह्याद्रीसारखे कडे नाहीत, मान्य. पण इतकं सपाट असल्यामुळेच या टेकडीवरून इतकं लांबचं दिसतं, आणि राजधानी खाली ठेवून देव वर का बसवला तेही इथे उभं राहिल्यावर समजतं. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर होता तो हाच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडवाले त्यांचा सरगुज्यातला रामगढ सांगतात, तो वाद चालू द्या. मला एवढंच वाटतं की सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं पाणी आणि दाट सावलीची झाडं असं जे तिथे वर्णन आहे ते पार्किंगमध्ये उभं राहून कोणाला सुचणार नाही, त्याला अंबाळ्याकडूनच यावं लागतं. वर कालिदास स्मारक आहे, पोरांना तिथली चित्रं आवडली, आम्हाला तोपर्यंत भूक लागली होती.

परतताना मनसरला हिडिंबा टेकडीवर थांबलो. हायवेला अगदी लागून आहे आणि लोक ऐंशीच्या स्पीडनं निघून जातात. विटांचं प्रचंड बांधकाम, कोनाड्यांमागून कोनाडे, एवढ्या विटा पाचव्या शतकात भाजल्या कुठे असा प्रश्न पडतो. दुसऱ्या प्रवरसेनाचं, म्हणजे प्रभावतीच्याच धाकट्या मुलाचं, राजधानीचं प्रवरपूर ते हेच असं इथं खणणाऱ्यांचं म्हणणं आहे. इथे सापडलेला तो गुबगुबीत, हसरा शिव आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. साडूभाऊ म्हणाले तोही गेला का बाहेर? म्हटलं हो, तुम्ही ताम्रपट नेला, त्यांनी शिव नेला.

जायचं असेल तर: सकाळी लवकर निघा, इतवारीहून रामटेकला पॅसेंजर आहे, गाडीच पाहिजे असं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरं, एप्रिल-मेमध्ये या पायऱ्यांच्या नादाला लागू नका, दगड तापतात. पाण्याची बाटली पाठीवरच्या बॅगेत आत ठेवा, हातात खायचं काही ठेवू नका, वानरं विचारून घेत नाहीत. पावसाळ्यात झिजलेल्या पायऱ्या निसरड्या होतात, चपला घालून जाऊ नका. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला तोबा गर्दी असते, वाट बघायची असेल तर तो दिवस टाळा. आणि नरसिंहाच्या देवळात मोबाइलचा टॉर्च मारण्याआधी जरा वेळ तसेच उभे राहा, मूर्ती हळूहळू दिसायला लागते. नगरधनचा किल्ला त्या दिवशी राहून गेला कारण पोरांना घरी जाऊन मॅच बघायची होती. साडूभाऊंनी होळीचं तिकीट काढलंय, तेव्हा तो करू.