पाच बेचाळीसचा गुलाब

कॅटलॉगचं पान उघडंच राहिलं होतं. चहाचा कप ठेवता ठेवता आई वाकली. "हे काय, सगळ्या कार्डांवर एकच?"

ओन कावारा. जपानी कलावंत, राहायला न्यूयॉर्कला. १९६८ ते १९७९, रोज दोन पिक्चर पोस्टकार्डं, मित्रांना, ओळखीच्यांना. पुढे शहराचं टिपिकल टुरिस्टी चित्र. मागे रबरी शिक्क्यांनी तारीख, पत्ता आणि 'मी इतक्या वाजता उठलो'. बास. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. सहीसुद्धा नाही, नावाचाही शिक्काच.

वेळ रोज वेगळी. कधी कधी तर चक्क दुपार.

"दुपारी उठतो आणि वर लोकांना कळवतो?" आई म्हणाली. मी हसले. ती मात्र पान बघतच राहिली. "पण उठला, एवढं तरी कळायचं त्यांना."

१९७९ मध्ये शिक्क्यांची बॅग चोरीला गेली आणि कार्डं थांबली. ज्यांना ती येत होती, त्यांनी पुढचे काही दिवस टपालाची पेटी कशी उघडली असेल?

मावशीचा 'शुभ सकाळ'वाला गुलाब मी कित्येक महिने उघडलेलाच नाही. आज उघडला. पहाटे ५:४२ ला आलाय.

ही बाई इतक्या लवकर का उठते?