सर्टिफिकेट एक्स्पायर होतंय म्हणे

मागच्या आठवड्यात एडब्ल्यूएसचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवाल्यांचा मेल आला, तुमचं सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट हे सर्टिफिकेट लवकरच एक्स्पायर होतंय. म्हटलं, झाली पण तीन वर्षं? आणि नेमका त्याच संध्याकाळी मिरजेहून भाच्याचा फोन. "मामा, कुठलं सर्टिफिकेशन करू? क्लासवाले म्हणतायत तीन एकदम घेतली तर डिस्काउंट देतो." बीएस्सी कॉम्प्युटर, शेवटचं वर्ष. तीन एकदम! साड्यांचा सेल आहे का रे?

हसलो खरा, पण २००९ मध्ये मी पण तिथेच होतो. बीएस्सी, बीई नाही, मंदीमुळे फ्रेशरला कोणी दारात उभं करत नव्हतं आणि पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत चौघं राहायचो. गावाकडून आणलेलं एकच सर्टिफिकेट होतं, एमएससीआयटीचं, जे महाराष्ट्रात घरटी एक तरी असतंच. (त्याला नावं ठेवत नाही हां, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते मागतात, तिथे तो कागद हाच कामाचा. आयटीत तसं नसतं एवढंच.) तर मी सीसीएनए केलं, सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, तेव्हा ६४०-८०२ नावाची परीक्षा होती, फीचे पैसे बाबांनी सोसायटीतून उचलले होते. तोपर्यंत माझा सीव्ही कुठे जायचा देव जाणे, सीसीएनए हा शब्द टाकल्यावर तीन आठवड्यांत दोन कॉल आले. मी तोच, अक्कल तेवढीच. एचआरच्या सर्चमध्ये तो शब्द होता, बस.

पण आत गेल्यावर काय झालं ते ऐका. इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी सर्टिफिकेटकडे बघितलं पण नाही, मार्कर हातात दिला आणि बोर्डवर १९२.१६८.१०.० स्लॅश २७ असा नेटवर्कचा पत्ता लिहिला, म्हणाले सांग यात किती होस्ट, म्हणजे मशीन बसतील, आणि पुढचं सबनेट, म्हणजे नेटवर्कचा पुढचा तुकडा कुठून सुरू होतो. ३० होस्ट, पुढचं .३२ पासून. हे मला पटकन आलं कारण आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक जुना २६०० सिरीजचा राउटर आणला होता आणि तो इतक्या वेळा बिघडवून पुन्हा उभा केला होता की आकडे झोपेत पण दिसायचे. माझ्याबरोबर त्याच दिवशी आलेला मुलगा डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ करून पास झालेला, माझ्यापेक्षा मार्क जास्त, आणि तो त्या बोर्डसमोर नुसता उभा राहिला. वाईट वाटलं त्याचं, आजही वाटतं. आणि गंमत म्हणजे नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने नाईट शिफ्टला मी काय केलं, तर लिंक डाऊन झाली की आयएसपीला फोन लावायचा आणि तिकडच्या माणसाला केबल नीट बसलीये का बघ म्हणायचं. ओएसपीएफ वगैरे राउटिंगचे प्रोटोकॉल राहिले पुस्तकात.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. सीव्हीवर चार-पाच सर्टिफिकेटचे बॅज बघितले की माझा एकच प्रश्न असतो, ईसीटूवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवर साइट टाकलीये, ब्राउझरमध्ये उघडत नाहीये, काय काय बघशील? सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे तिथल्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडंय का, सबनेटच्या राउट टेबलमधून इंटरनेट गेटवेकडे रस्ता आहे का, आणि मुळात आत एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू तरी आहे का. कुठूनही सुरू केलंस तरी चालेल मला. ज्याने एकदा तरी स्वतःच्या अकाउंटवर हे करून डोकं धरलंय तो लगेच बोलायला लागतो, आणि ज्याने नुसते एमसीक्यू सोडवलेत तो मला सिक्युरिटी ग्रुपची व्याख्या सांगतो.

मग कंपन्या सर्टिफिकेशनच्या एवढ्या मागे का लागतात? हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एडब्ल्यूएस असो, मायक्रोसॉफ्ट असो, त्यांच्या पार्टनर कंपन्यांना वरची पायरी हवी असेल तर इतकी सर्टिफाइड माणसं दाखवा असा हिशोब असतो. म्हणजे क्वार्टर संपायच्या आत सगळ्यांनी करून टाका असा मेल येतो तेव्हा त्यात तुमच्या करिअरची काळजी थोडी आणि कंपनीच्या बॅजची जास्त. वाईट काही नाही त्यात, पण मग पैसे कंपनीने भरावेत ना. माझ्या एका जुन्या कंपनीने फी भरली आणि वर्षाच्या आत सोडलं म्हणून फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून कापून घेतली. सही करताना मी वाचलं नव्हतं, चूक माझीच.

घरून परीक्षा देणार असाल तर एक सांगतो, घरच्यांना आधी बजावून ठेवा. वेबकॅमवर आख्खी खोली दाखवायला लावतात, मोबाईल लांब ठेवायला लावतात, दुसरं कोणी आत दिसलं की परीक्षा रद्द होऊ शकते. माझ्या ४० व्या प्रश्नाला आईने दार ढकललं, चहा घेऊन. मी नुसता हात केला, ती बिचारी मागच्या मागे गेली, नशीब कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या प्रॉक्टरच्या नजरेत आलं नाही. पुढच्या वेळेपासून सरळ सेंटरला जातो.

भाच्याला मी रेड हॅटचं आरएचसीएसए सांगितलं, लिनक्स सांभाळायचं सर्टिफिकेट. त्यात पर्याय नसतातच, समोर मशीन देतात आणि कामं करून दाखवायची, ३०० पैकी २१० लागतात, आणि मशीन रीबूट केल्यावर तुमचं कॉन्फिगरेशन टिकलं नाही तर मार्क गेले. तिथे डम्प पाठ करून फार लांब जाता येत नाही. फीचं नंतर बघू म्हटलं, आधी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्यात लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवता येतं, आणि रेड हॅटसारखंच रॉकी लिनक्स फुकट आहे, दोन महिने मोडतोड कर, क्लासला एक रुपया देऊ नकोस. ताईला हे फारसं पटलेलं नाही, तिच्या मते क्लासशिवाय अभ्यास होत नसतो.

माझं रिन्युअल? मायक्रोसॉफ्टची असोसिएटवाली दर वर्षी घरबसल्या फुकट रिन्यू होतात, ते मी करून टाकलं. एडब्ल्यूएसला १५० डॉलर आणि वर टॅक्स, ते स्वतःच्या खिशातून मी भरणार नाही. मॅनेजरला मेल फॉरवर्ड केलाय, त्याला बॅज हवा असेल तर तो बघेल.

काल रात्री साडेअकराला भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. काळा स्क्रीन, इमर्जन्सी मोड, खाली तीन रडक्या इमोजी. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या फाइलमध्ये काहीतरी चुकीचं टाकलंय पठ्ठ्याने, मशीन बूटच होत नाहीये. मी बघितलंय, ब्लू टिक पण गेलीये त्याला. रिप्लाय मात्र मुद्दाम केला नाहीये अजून.