चिखलातली डाउनहिल शर्यत: इनरलीथनचा माझा अनुभव

डाउनहिलच्या शर्यतीत चढ चढायचा नसतो. मिनीबसमध्ये बसायचं, मागच्या ट्रेलरवर सायकली लादायच्या आणि डोंगरमाथ्यावर उतरायचं. याला इथे अपलिफ्ट म्हणतात. तिथून खाली एकेकट्याने, ठरावीक अंतराने सुटायचं, स्पर्धा घड्याळाशी. मी सांगतेय ती शर्यत स्कॉटलंडमधल्या इनरलीथनची, आणि आदला आठवडाभर तिथे पावसाने उसंत घेतली नव्हती.

इनरलीथन हे एडिंबराच्या दक्षिणेला, ट्वीड नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. नदीपलीकडच्या डोंगरावर सिट्का स्प्रूसची लागवड आहे, इतकी दाट की भर दुपारीही खाली अंधारल्यासारखं असतं. ऊन जमिनीला लागत नाही, त्यामुळे ट्रॅक वाळायचं नाव घेत नाही. शिवाय ओल्या जमिनीत या झाडाची मुळं खोल जात नाहीत, वरच्यावर आडवी पसरतात. सायकलींनी माती खरवडली की मुळं उघडी पडतात, त्यांची साल निघते आणि आतलं ओलं लाकूड चाकाखाली येतं. या खेळातली निम्मी आदळआपट त्या मुळांवरच होते.

मी मूळची गगनबावड्याची. पावसाचं आणि चिखलाचं मला काय अप्रूप! आई फोनवर म्हणाली, “अगं, पैसे भरून चिखलात लोळायला जातेस? इथं ये की, फुकटात लोळ.” तिचं चुकीचं नव्हतं.

कागदपत्रांचं फारसं काही नसतं. वार्षिक रेस लायसन्स नसेल तर त्या दिवसापुरतं घेता येतं. सही करायची, नंबर बोर्ड घ्यायचा आणि हँडलला बांधायचा. फुल-फेस हेल्मेटशिवाय कुणी ट्रॅकवर पाऊल ठेवू देत नाही. मी तिशीपुढच्या बायकांच्या गटात होते. त्या गटात गर्दी अशी कधीच नसते.

खरा वेळ जातो टायर ठरवण्यात. चिखलासाठी वेगळे टायर मिळतात, त्यांना स्पाइक म्हणतात: गुटके उंच आणि एकमेकांपासून लांब लांब. ते वरचा मऊ थर कापून खालची घट्ट जमीन पकडतात आणि गुटक्यांमध्ये जागा असल्याने अडकलेला चिखल फिरता फिरता फेकून देतात. पण तेच उंच गुटके दगडावर आणि मुळांवर लवतात, चाक डुगडुगतं. म्हणून बरेच जण गुटक्यांची टोकं कटरने छाटतात. मी गाडीच्या डिकीत बसून पुढच्या टायरचे मधले गुटके छाटले, कडेचे ठेवले. शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ, वय साठीच्या पुढचं, लांबून बघत होते. शेवटी न राहवून आले आणि म्हणाले, “मागचेही छाट, नाहीतर खालच्या टप्प्यात पेडल मारताना दम निघेल.” मागचेही छाटले. हवा पुढे 21 पीएसआय, मागे 24. याहून कमी ठेवली तर माझ्या वजनाला रिम दगडावर आपटते.

आणखी दोन गोष्टी तिथल्या लोकांना बघून केल्या. फ्रेमच्या सांध्यांत, शॉकच्या (मागच्या चाकाचे धक्के पचवणाऱ्या नळीच्या) मागे जिथे चिखल साठतो, तिथे स्पंजचे तुकडे कोंबले. आणि फ्रेमच्या खालच्या बाजूला सिलिकॉन स्प्रे मारला, म्हणजे चिखल धरत नाही. ब्रेकच्या डिस्कवर मात्र त्याचा शिंतोडाही उडता कामा नये, म्हणून आधी डिस्कभोवती प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. सोळा-सतरा किलोची सायकल चिखल चढला की सहज दोन-तीन किलोंनी जड होते. उताराला ते चालून जातं, पण हाताला जाणवतं.

शनिवारी सराव. सकाळी आधी ट्रॅक पायी उतरायचा, सायकल न घेता. पायी उतरताना घसरून बसायची वेळ येते तेव्हा कळतं की इथून चाकांवर जायचंय. वरचा टप्पा उघडा आणि वेगाचा. मधे जंगलात उताराला आडवा जाणारा, एका बाजूला कललेला लांब पट्टा, त्यावर तिरकी मुळं. खाली शेवटी सरळ सोट उतार, एक उडी आणि कुरण.

सगळा खेळ त्या मधल्या पट्ट्याचा. तिथे ब्रेक लावला की चाक मुळावरून खालच्या बाजूला सरकतं आणि तुम्ही झाडीत. ब्रेक लावायचा तो पट्टा सुरू व्हायच्या आधी, सरळ जमिनीवर. मग दोन्ही बोटं लिव्हरवरून उचलायची, सायकल जरा हलकी करायची आणि जे होईल ते होऊ द्यायचं. वरच्या बाजूने शिरायचं, कारण सरकणार तर आहेच. सरकायला खाली जागा हवी. हे वाचायला पटतं. प्रत्यक्षात मेंदू ओरडत असतो, “दाब, दाब!” बोटं उचलणं हे मला त्या दिवसभरात सगळ्यात अवघड गेलं.

याच ठिकाणी मी सरावात पडलेसुद्धा. कोपर सोलवटलं, गॉगल चिखलाने बुजला. ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या मार्शलने, म्हणजे आयोजकांच्या माणसाने, पिवळा झेंडा हलवून मागच्याला सावध केलं, मला हात देऊन उठवलं आणि विचारलं, “नाव काय? आज वार कोणता?” डोक्याला मार लागलाय का हे बघायची ती पद्धत. मी वार बरोबर सांगितला. नावाचा उच्चार त्याला काही जमला नाही, तो प्रश्न त्याने सोडून दिला.

चिखल दिवसभर एकसारखा राहत नाही, हे मला इथे नीट कळलं. सकाळी पाऊस जोरात होता तेव्हा ट्रॅक पातळ होता. गाळ वाहून जात होता, टायर धुतले जात होते, आणि दिसतं त्यापेक्षा पकड बरी होती. दुपारी पाऊस थांबला तशी सगळ्यांना हायसं वाटलं, आणि तिथेच घात झाला. अर्धवट सुकलेला चिखल भाकरीच्या पिठासारखा चिकट झाला. चाकं फोर्कमध्ये अडायला लागली, स्पाइकसुद्धा भरून सपाट. त्या चिखलापेक्षा मुसळधार पाऊस परवडला. शिवाय शेकडो सायकली त्याच वाटेने गेल्याने चरे पडतात, सकाळची चांगली लाइन दुपारी खड्डा झालेली असते. खोल चरात मात्र एक सोय असते: चाक आत बसलं की इकडे तिकडे जात नाही. पेडल दोन्ही बाजूंना आपटू नयेत म्हणून पाय समपातळीत ठेवायचे आणि नजर चराच्या शेवटाकडे. चाकाकडे बघितलं की संपलं.

चिखलातल्या डाउनहिलबद्दल कुणी विचारलं की मी 2011 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा व्हिडिओ बघायला सांगते. स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरीचा भयंकर उभा ट्रॅक, पाऊस, आणि एकोणीस वर्षांचा इंग्लंडचा डॅनी हार्ट. ज्या खेळात निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो, तिथे तो अकरा सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. इतरांचे पाय जमिनीला लागत होते, हा उड्या मारताना हवेत सायकल आडवी करत होता. त्याच्या ब्रेकवरच्या बोटांकडे बघा.

रविवारी दोन रन, त्यातला चांगला धरायचा. रात्री पुन्हा पाऊस झाला होता, म्हणजे ट्रॅक परत पातळ. कोरडे हातमोजे झिपच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आत ठेवले होते. स्टार्टला पोचल्यावर ग्रिप फडक्याने पुसल्या आणि मगच हातमोजे चढवले. गॉगलही अगदी शेवटच्या मिनिटाला, नाहीतर श्वासाने आतून धुकं धरतं. काचेवरून सोलून फेकायच्या प्लॅस्टिक फिल्म मी वापरत नाही, त्या जंगलात पडून राहतात. गुंडाळीवर फिरणारी फिल्म असलेला गॉगल महाग पडतो, पण दोरी ओढली की समोर स्वच्छ तुकडा येतो.

पहिला रन मी जपून केला, पूर्ण करायचा एवढ्याच हिशेबाने. दुसऱ्याला मधल्या पट्ट्याआधी जोरात ब्रेक मारला, मग बोटं उचलली. मागचं चाक सरकलं, एका मुळावरून दुसऱ्या मुळावर आलं आणि मी पलीकडे निघाले होते, सायकलवरच. बाजूला उभ्या असलेल्या कुणीतरी घंटी बडवली. खालच्या उतारावर हात इतके भरून आले होते की लिव्हर ओढायला बोटं वळेनात. उडी मारली नाही, बाजूने गेले. तिथे दोन सेकंद गेले असतील. हरकत नाही.

माझा वेळ विजेतीपेक्षा दीडेक मिनिट जास्त होता. पहिल्या रनपेक्षा मात्र चांगलाच कमी.

त्यानंतर धुण्याची रांग. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर आणि शॉकच्या सीलवर मारायचा नाही, वाळू आत जाते; लांबून, वरून खाली धुवायचं. शूजमध्ये वर्तमानपत्र कोंबून ठेवलं की रात्रीत बरेच सुकतात, कागद एकदा बदलावा लागतो एवढंच. घरी येऊन ब्रेक उघडले. पुढे मी धातूच्या भुकटीचे सिंटर्ड पॅड घातले होते आणि मागे ऑरगॅनिक, म्हणजे राळेत बांधलेले मऊ पॅड, मुद्दाम, काय फरक पडतो ते बघायला. दोन्ही शुक्रवारी नवेकोरे होते. पुढचे अजून बरेच शिल्लक आहेत. मागच्यांचा नुसता पत्रा उरलाय.