मळी, माळ आणि गुंठा

आमच्याकडे कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या, पुराच्या गाळावर पोसलेल्या रानाला मळी म्हणतात आणि पाचगाव-मोरेवाडीच्या बाजूच्या मुरमाड चढाला माळ. मळीत ऊस, उंचवट्यावर गावठाण आणि माळावर गवत, हा जुना हिशेब होता. शहर पसरू लागले तशा या दोन्ही जमिनी एकाच मापाने मोजल्या जाऊ लागल्या, आणि ते माप म्हणजे गुंठा.

महानगरपालिका १९७२ साली झाली. तिची सुमारे ६७ चौरस किलोमीटरची हद्द त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तशीच राहिली. वस्ती मात्र उचगाव, कळंबा, शिंगणापूरकडे सरकत गेली. हद्दवाढीला गावांनी विरोध केला, कारण घरफाळा वाढेल आणि रानावर सार्वजनिक कामांसाठी आरक्षणे पडतील ही भीती होती. (ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही.) २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आले, पण तोवर बरीच राने तुकड्यांनी विकली गेली होती.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. एकरात असे चाळीस बसतात, आणि चाळीसच्या चाळीस विकायचे ठरवले की रस्त्याला दहा-बारा फुटांपलीकडे जागा उरत नाही, गटारीचा उतार कोणी पाहत नाही आणि मोकळी जागा सोडणे म्हणजे पैसे सोडणे ठरते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. तरी नोटरीच्या कागदावर व्यवहार होतात आणि सातबाऱ्यावर सामाईक नावे तशीच राहतात. दुमजली घर उभे असलेल्या एका गटाच्या पीकपाहणीत मी स्वतः ‘ऊस’ वाचला आहे.

माळावर घरे झाली तर पाण्याची ओढाताण होते, बोअर आणि टँकरवर भागवावे लागते. मळीतले नुकसान मात्र शेजाऱ्याच्या रानात उतरते. माळ खणून काढलेला मुरूम डंपरने मळीत येतो, प्लॉट चार-पाच फूट उचलला जातो, आणि पूर्वी तिथे पसरणारे पुराचे पाणी बाजूच्या रानात जाते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस काही दिवस तग धरतो. शेंडा बुडाला की कुजतो.

माझ्या चुलत्यांनी मुलीच्या लग्नासाठी मळीतले सहा गुंठे विकले. घेणाऱ्याने भराव टाकला, आणि तेव्हापासून चुलत्यांच्या उरलेल्या नऊ गुंठ्यांतले पाणी ओसरायला पूर्वीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त लागतात. गेल्या दिवाळीत त्या नऊ गुंठ्यांनाही गिऱ्हाईक येऊन गेले. चुलते अजून नाही म्हणालेले नाहीत.