ती त्याचा मोबाईल का बघत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या कादंबरीत एक पोलीस आहे, एक हॅकर बाई आहे, जळगाव आहे आणि त्या दोघांचं प्रेम आहे. ते शेवटी जमतं का, हे फारसं कोणी विचारत नाही. भुसावळच्या फलाटावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला दुसराच प्रश्न येतो. अमळनेरच्या मावशीने तर पुस्तक अर्ध्यावर उपडं ठेवून फोन केला. "पोरी, ती एवढी हुशार शे, मंग त्याना मोबाईल देखत कसाले नही?"

प्रश्न रास्त आहे. तपासातली माहिती बाहेर फुटते आहे. तो रोज रात्री अकरानंतर फोन घेऊन गच्चीवर जातो. तिला संशय त्याचाच. आणि दिवसा तोच फोन तिच्या टेबलावर चार्जिंगला पडलेला असतो. चार मिनिटांचं काम, आणि ही बया चाळीस पानं नुसती त्याच्याकडे बघत बसते.

आधी कायद्याचं सांगते, कारण कायद्याने माझी प्रेमकथा एकदा मोडून पुन्हा मांडायला लावली आहे. पहिल्या खर्ड्यात नायक फौजदार होता, म्हणजे पीएसआय, सव्वीस वर्षांचा, मिशी नुकतीच राखलेली. ओळखीच्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना वाचायला दिलं, तर तिसऱ्याच पानावर पेन्सिलीचा गोल. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 78. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. "2008 च्या दुरुस्तीआधी तर डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक, लागायचा," ते म्हणाले, "तुम्ही स्वस्तात सुटलात." आता फौजदाराचा पीआय, म्हणजे निरीक्षक, व्हायचा तर मधे कितीतरी वर्षं जातात. माझा नायक एका रात्रीत चाळिशीचा झाला. चाळिशीचा सरकारी नोकर अजून बिनलग्नाचा, हे आपल्याकडे कोण खरं मानणार? म्हणून तो विधुर झाला, त्याला आठवीतली मुलगी झाली, सासूबाई आल्या. नायिकेचंही वय वाढवलं. धाब्यावर ती फौजदारी डाळ मागवते आणि तो म्हणतो, "फौजदारी आता सुटली माझी", हा विनोद त्या गोलाची कृपा.

गुन्हा शोधायला मात्र लांब जावं लागलं नाही. आखाजीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांचा धुरळा असतो. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते. फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नसतं, एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाईल, असतं, पण ते कोण बघतं! त्याने दाबलं, अ‍ॅप बसलं, अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्याने दिली. त्यानंतर बँकेचा ओटीपी त्याच्या आधी दुसराच कोणीतरी वाचू लागला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावताहेत, असं काही या कादंबरीत नाही. कुलूप फोडत बसण्यापेक्षा मालकाकडूनच किल्ली मागून घेतात हे लोक.

नायिका मला सापडली जळगावच्या गोलाणी मार्केटात. मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि माझ्या फोनची काच फुटलेली. दुकानातल्या पोराने फोन उलटा केला, पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि विचारलं, "ताई, लॉक काय?" मी सांगितलं. त्याने बॉलपेनने चार आकडे पट्टीवर लिहिले आणि फोन ट्रेमध्ये टाकला. ट्रेमध्ये वीस-पंचवीस फोन, सगळे पालथे, प्रत्येकाच्या पाठीवर आकडे. कोणाचा जन्मसाल असावा असा, कोणाचा सरळ एक-दोन-तीन-चार. मी न राहवून विचारलं, बघावंसं वाटत नाही का रे? सोल्डरिंगवरची मान वर न करता तो म्हणाला, "एकदा पाह्यलं का मंग गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे पाहता येत नाही."

माझी नायिका याच गल्लीतली. फोनमधून गेलेला मजकूर परत काढून देते, कधीमधी पोलिसांनाही मदत करते. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही हे कलम 43 तिला पाठ आहे. पण तिला खरा धाक आहे तो हॅशचा. जप्त केलेल्या फोनवर थेट काम करत नाहीत. त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या सगळ्या मजकुराचा मिळून एक लांबलचक आकडा काढतात, तो हॅश. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की अख्खा आकडा बदलतो. 1 जुलै 2024 ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हा आकडा लिहून द्यावा लागतो. त्यामुळे 'मी फक्त बघितलं, हात नाही लावला' हे वाक्य तिच्या धंद्यात चालत नाही. बघायला गेलं की काहीतरी हलतंच.

हे सगळं मी सभेत सांगते आणि लोक माना डोलावतात. पण मावशीला ते पटलं नाही, आणि तिचं बरोबर आहे. खरं कारण घरचं आहे.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. नवरा अंघोळीला गेला होता, फोन पलंगावर, पॅटर्न मला येत होता. संशय म्हणावा असाही नव्हता. दुपारपासून तो गप्प होता, एवढंच. मी आत गेले. सापडलं काय, तर नणंदेचे सहा मेसेज, सासऱ्यांच्या तपासण्यांचे. मला काळजी नको म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. मी फोन होता तसा, होता त्याच कोनात ठेवला. पण त्यातले दोन मेसेज त्याने अजून वाचले नव्हते. माझ्या बघण्याने तिकडे नणंदेच्या फोनवर टिका निळ्या झाल्या. रात्री तिचा फोन आला, "वाचलंस तरी काही बोलला नाहीस, दादा?" तो क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाला, "हो गं, कामात होतो."

मला त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पॅटर्न बदललेला होता. नवा मला आजही माहीत नाही.

मावशीला एवढं कुठे सांगत बसणार. तिला म्हटलं, पुढचं पान वाच.