वुस्टरच्या रस्त्यावर संपलेली राजसत्ता

भारतातून आमच्याकडे येणारे नातेवाईक आणि स्नेही बोस्टनचे बंदर आणि लेक्सिंग्टनचे मैदान पाहण्याची इच्छा हमखास व्यक्त करतात. शाळेच्या पुस्तकात अमेरिकन स्वातंत्र्यलढा बहुधा याच दोन ठिकाणी भेटलेला असतो, त्यामुळे त्यात नवल नाही. मी मात्र त्यांना आग्रहाने वुस्टरलाही नेतो. बोस्टनच्या पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या या शहराच्या परगण्यात राहू लागल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, ब्रिटिश राजाची सत्ता येथील शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी १७७४ च्या सप्टेंबरमध्येच उखडून टाकली होती. लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली ती त्यानंतर सात महिन्यांनी.

चहाची कथा सर्वांना ठाऊक आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरील ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला गेला. तो चहा चीनमध्ये पिकलेला होता, पण मालक होती आपल्या परिचयाची ईस्ट इंडिया कंपनी. कर्जात रुतलेल्या कंपनीला सावरण्यासाठी ब्रिटिश संसदेने तिला अमेरिकेत थेट चहा विकण्याची मुभा दिली होती. त्याच नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावाने लिहिलेल्या एका पत्रकात, या कंपनीने आशियात लोकांचे हक्क आणि प्राण कसे पायदळी तुडवले याची वाचकांना आठवण करून दिली आणि एकाच वर्षात पंधरा लाख माणसे उपासमारीने मेल्याचे सांगितले जाते, असेही लिहिले. बंगालच्या दुष्काळाची वार्ता इतक्या लवकर अमेरिकेत पोहोचली होती आणि तेथील लोकांनी तिच्यात स्वतःचे भवितव्य पाहिले होते, हे मला येथे येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

चहाच्या नासाडीची शिक्षा म्हणून संसदेने १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केले. बोस्टनबाहेरच्या गावकऱ्यांना मात्र त्याहून जिव्हारी लागला तो मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन आणि वुस्टर ज्या प्रांतात होते त्याच्या, राज्यकारभाराविषयीचा कायदा. या कायद्याने प्रांताच्या सल्लागार मंडळावरील माणसे यापुढे राजा नेमणार होता, न्यायाधीश गव्हर्नरच्या मर्जीवर राहणार होते, खटल्यांचे पंच (ज्युरी) निवडण्याचे काम शेरीफ या परगण्याच्या अधिकाऱ्याकडे जाणार होते आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून गावाला वर्षातून एकापेक्षा अधिक सभा घेता येणार नव्हती.

ही शेवटची गोष्ट का झोंबली, हे आजची गावसभा पाहिल्यावर नीट कळते. आमच्या परगण्यातील अनेक लहान गावांत ती अजूनही भरते. शाळेच्या सभागृहात नोंदणीकृत मतदार दारावर मिळालेले रंगीत कार्ड घेऊन बसतात, मतदार नसलेल्यांना वेगळ्या खुर्च्या दिलेल्या असतात आणि गावाने निवडलेला सभाध्यक्ष विषयपत्रिकेतील एकेक कलम वाचून मताला टाकतो. अग्निशमन दलाची नवी गाडी घ्यावी की जुनीच दुरुस्त करावी, यावर एखादी निवृत्त शिक्षिका आणि एखादा सुतार तासभर वाद घालतात, आणि कार्डे वर गेली की विषय संपतो. आपल्याकडची ग्रामसभा मी पाहिलेली आहे. तिचा कोरम भरण्यासाठी होणारी धावपळही पाहिलेली आहे. येथील सभेतही पुष्कळदा खुर्च्या रिकाम्या असतात, परंतु गावाचा पैसा गावाच्या मताशिवाय खर्च होत नाही, ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कोणी बोलतही नाही. १७७४ मध्ये राजाने हात घातला तो याच सवयीला.

त्यानंतर जे घडले त्याचा वेग थक्क करणारा आहे. ऑगस्टच्या मध्यावर ग्रेट बॅरिंग्टन येथे सुमारे दीड हजार माणसांनी न्यायालय भरू दिले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस वुस्टरचे प्रतिष्ठित गृहस्थ टिमोथी पेन यांना जमावासमोर टोपी काढून सल्लागार मंडळावरील राजनियुक्त पदाचा राजीनामा द्यावा लागला. वुस्टरचे न्यायालय ६ सप्टेंबरला भरणार होते. तेथे फौज पाठवण्याचा प्रांताचे गव्हर्नर असलेले सेनापती थॉमस गेज यांचा विचार होता, पण ग्रामीण भागाचा रंग पाहून त्यांनी सैन्य बोस्टनमध्येच ठेवले.

त्या सकाळी विंचेंडनहून ४५, उक्सब्रिजहून १५६, अशा ३७ गावांच्या तुकड्या मेन स्ट्रीटवर येऊन उभ्या राहिल्या. ब्रेक पार्कमन नावाच्या एका सहभागी माणसाने केलेली मोजदाद उपलब्ध आहे: ४,६२२ माणसे, म्हणजे परगण्यातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरुष. न्यायालयाची इमारत लोकांनी आधीच ताब्यात घेतली होती, म्हणून न्यायाधीश आणि अधिकारी डॅनियल हेवूड यांच्या खानावळीत थांबले. प्रत्येक तुकडीने आपला प्रतिनिधी निवडला, प्रतिनिधींनी अधिकाऱ्यांशी बोलणी केली आणि ठरलेला मजकूर पुन्हा तुकड्यांपुढे संमतीसाठी आला. शेवटी दोन रांगांमधून, हातात टोपी घेऊन, नव्या कायद्याखाली न्यायालय भरवणार नाही असे कबूल करत ते अधिकारी चालत गेले. मागच्या माणसांनाही ऐकू जावे म्हणून त्यांना ते वचन तीसहून अधिक वेळा वाचावे लागले. एकही गोळी झाडली गेली नाही आणि राजाचा अंमल या परगण्यात परत कधीही आला नाही.

या साऱ्यामागे जी स्थानिक संघटना होती, तिच्या पुढाऱ्यांत टिमोथी बिगेलो नावाचा एक लोहार होता. ४ ऑक्टोबर १७७४ रोजी वुस्टरच्या गावसभेने त्यालाच प्रांतिक सभेतील आपला प्रतिनिधी म्हणून सूचना दिल्या: जुनी राज्यव्यवस्था विसर्जित झाली असे समजून जनतेच्या नव्या शासनाची उभारणी करावी. फिलाडेल्फियाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायला तेव्हा एकवीस महिने अवकाश होता.

पाहुण्यांना मी पुढची हकिगतही सांगतो, कारण ती गाळली तर या माणसांवर अन्याय होईल. बिगेलो युद्धात कर्नल झाला, परतल्यावर कर्जबाजारी झाला आणि १७९० मध्ये वुस्टरच्याच तुरुंगात कर्जाचा कैदी म्हणून मरण पावला. आज शहराच्या मध्यवर्ती मैदानात त्याचे स्मारक उभे आहे. क्वॉक वॉकर या गुलामाने १७८१ मध्ये याच परगण्याच्या न्यायालयात आपले स्वातंत्र्य सिद्ध केले, आणि त्या प्रकरणांतून मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरीचा पाया ढासळला. १७८६ च्या सप्टेंबरमध्ये कराच्या आणि कर्जाच्या बोजाखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी वुस्टरचे न्यायालय पुन्हा एकदा अडवले, तेव्हा पायऱ्यांवर बंदुकीच्या संगिनींसमोर जे न्यायाधीश उभे होते, ते होते आर्टेमस वॉर्ड. जॉर्ज वॉशिंग्टन येण्यापूर्वी बोस्टनमधील ब्रिटिशांना वेढणाऱ्या सैन्याचे नेतृत्व त्यांनीच केले होते.