मातीचा बैल अन् नाकातली तूर
आमची पोट्टी साडेतीन वर्षांची, अंगणवाडीत जाते पण साडेबारालाच घरी येते अन् मग दिवसभर "आई, आता काय करू व?" मोबाईल द्यायचा नाही असं ठरवलंय, म्हणून रोज काही ना काही उद्योग काढावा लागतो.

तान्हा पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या पोळ्याच्या, आधी मातीचे बैल केले. पहिल्या दिवशी शेतातली काळी माती भिजवून थेट केले तर सकाळपर्यंत सगळ्यांना भेगा, दोघांची तर शिंगंच गळाली. काळी माती वाळताना लय आकसते ना! मग सासूबाई म्हणाल्या, राख अन् बारीक कुटार (भुसा) मिसळ. मिसळलं, चांगलं मळलं, सावलीत वाळवले, तेव्हा टिकले. पाय म्हणून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या खोचल्या, झूल जुन्या ब्लाऊजपीसची. एका बैलाला पाचवा पाय आहे, ती म्हणते शेपूट थकली तर टेकायला.

रंगासाठी हळदीचं पाणी कागदावर फासलं अन् वर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेली काडी फिरवली, पिवळ्यावर लाल रेघ उमटली की ती ओरडतेच! पळसाची फुलं फाल्गुनात मिळतील, तेव्हा तो रंग उकळू.

तूर, हरभरा वेगळा करायचा खेळ मात्र बंद केला, एक दाणा नाकात गेला बाप्पा, दवाखान्यात जाऊन काढावा लागला. आता बटाटे अन् कांदे वेगळे करते.